डिस्क का अडकते? घरच्या व्हिडिओची गोष्ट



आज आपण अशा एका वस्तूविषयी बोलणार आहोत, जी आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात आहे, जपून ठेवलेली आहे आणि चालत नाही. ती असते कपाटात साड्यांच्या घडीखाली, नाहीतर पत्र्याच्या ट्रंकेत लग्नाच्या अल्बमशेजारी. चंदेरी, गोल, मध्ये भोक असलेली तबकडी. आपण तिला सरसकट 'सीडी' म्हणतो. तिच्यावर कुणाचं लग्न असतं, कुणाचं डोहाळजेवण, कुणाच्या बाळाचं बारसं. काही बचत गटांकडे पहिल्या मेळाव्याचं शूटिंगही असतं. त्या चित्रांत आज हयात नसलेली माणसंही आहेत. मांडवाच्या दारात हसत उभा असलेला भाऊ. उखाणा घ्यायचा आग्रह झाल्यावर पदराआड लाजणारी आजेसासू. तिचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नाही, फक्त त्या तबकडीवर आहे.

आणि ती तबकडी प्लेअरमध्ये घातली की घर्र घर्र आवाज होतो आणि पडद्यावर 'नो डिस्क' असं येतं. कधी सुरू होते, पण मंगलाष्टकं चालू असतानाच चित्राचे चौकोनी तुकडे पडतात आणि सगळं थांबतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, 'तुला मशीनमधलं काही कळत नाही, राहू दे ते.' आणि आपणही ती पुन्हा ट्रंकेत ठेवून देतो.

मैत्रिणींनो, डिस्क अडकते त्याला कारण असतं. ही कारणं एकेका वर्षी, एकेका देशात, कंपन्यांच्या भांडणातून आणि तडजोडींतून तयार झालेली आहेत. ती गोष्ट कळली की डिस्क कुठे अडली हे ओळखता येतं आणि बऱ्याचदा आतला ठेवा बाहेरही काढता येतो. म्हणून आज थोडा इतिहास बघू आणि त्यातूनच दुरुस्तीही शिकू.

चित्र आधी कुणाच्या घरी आलं?

हलतं चित्र टिपण्याची कला मुंबईत फार लवकर आली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनला झालेली एक कुस्ती कॅमेऱ्यात टिपली. पुढे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात लोकांसमोर आला. त्यामागे सरस्वतीबाई फाळके होत्या. त्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या, रसायनं कालवायच्या आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाच्या पहिल्या पानावरच बाईचे हात आहेत. पण त्या काळातलं फारच थोडं आज शिल्लक आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची सगळी रिळं आज मिळत नाहीत. फिल्म जपणं किती अवघड असतं, याचा हा आपल्या घरचाच दाखला.

घरच्या घरी चित्रीकरण करता यावं म्हणून अमेरिकेच्या कोडॅक कंपनीने १९२३ साली छोटा कॅमेरा काढला आणि १९३२ साली त्याहून स्वस्त, आठ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचा. पण हे सगळं श्रीमंतांसाठी होतं. आपल्या आजीच्या लग्नाचा एखादा काळा-पांढरा फोटो असला तरी नशीब म्हणायचं. तोसुद्धा तालुक्याच्या स्टुडिओत, दोघं ताठ उभे असलेला.

मग आली चुंबकीय फीत. टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमध्ये असते तशीच, फक्त रुंद. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस नावाची कॅसेट बाजारात आणली. आपण जिला 'व्हिडिओ कॅसेट' म्हणत होतो ती हीच. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं होतं, पण रंगीत टीव्ही देशात आला १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या वेळी. त्यानंतर शहरांत व्हीसीआर दिसू लागले, गावांत भाड्याने व्हिडिओ आणून रात्रभर सिनेमे बघायची पद्धत पडली. आणि लग्नात एक नवा माणूस दिसू लागला: खांद्यावर कॅमेरा, मागे डोळे दिपवणारा दिवा धरलेला पोरगा. शूटिंगवाला.

त्याच सुमारास एक मोठी गोष्ट घडली, ती आपण बायकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. अहमदाबादच्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेत १९८४ साली न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट यांनी २० जणींना व्हिडिओ काढायला शिकवलं. त्यांतल्या काहींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. त्यांनी माणेक चौकात भाजी विकणाऱ्या बायकांच्या अडचणी स्वतः चित्रित केल्या. कॅमेरा चालवायला अक्षरओळख लागत नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं. डिस्क हाताळायलाही ती लागत नाही. लागतं ते कारण माहीत असणं.

कॅसेटवरून तबकडीवर

कॅसेटला दोन शत्रू: ओल आणि धूळ. आपल्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरायची. शिवाय कॅसेट जितक्या वेळा लावावी तितकी ती झिजायची, आणि तिची प्रत काढली की प्रत मूळपेक्षा फिकी यायची. प्रतीची प्रत आणखी फिकी.

तबकडीचा शोध या दुखण्यावर होता. तबकडीवर चित्र आकड्यांच्या रूपात लिहिलं जातं आणि प्रकाशाने वाचलं जातं. काहीच घासत नाही, म्हणून झीज नाही. प्रत काढली तर मूळ जशी तशीच ती. गाण्याची सीडी फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८२ साली आणली. १९९३ साली त्याच तबकडीवर सिनेमा बसवायची पद्धत आली, ती व्हीसीडी. तिच्यावर सव्वा तासाच्या आतबाहेर चित्र मावायचं. म्हणूनच आपल्याकडे लग्नाच्या सीड्या दोन-तीन असायच्या: एकीवर हळद, दुसरीवर लग्न, तिसरीवर वरात.

पुढे एकाच तबकडीवर अख्खा सिनेमा स्वच्छ मावावा म्हणून कंपन्यांची शर्यत लागली. सोनी आणि फिलिप्सची एक तबकडी, तोशिबा आणि तिच्या जोडीदारांची दुसरी. संगणक कंपन्यांनी मध्ये पडून सांगितलं, भांडू नका, एकच करा. १९९५ साली तह झाला आणि १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये जपानात डीव्हीडी विक्रीला आली. आकार सीडीइतकाच, १२ सेंटिमीटर. पण आतल्या रेघा सीडीच्या निम्म्याहून बारीक, त्यामुळे सीडीच्या सहापटींहून जास्त मजकूर.

कोऱ्या डिस्कवर लिहिणं म्हणजे काय, तेही बघून घेऊ. कोऱ्या डिस्कमध्ये एका खास रंगाचा पातळ थर असतो. बर्नरमधला लेझरचा किरण त्या रंगाला ठिपक्या-ठिपक्याने तापवतो. तापलेला ठिपका बदलतो, न तापलेला तसाच राहतो. भाकरीवर तव्याचे काळे डाग उमटतात ना, तसं. म्हणूनच याला 'बर्न' म्हणायचं. प्लेअर नंतर मंद किरण टाकून तेच डाग वाचतो. किरण कुठे परत येतो, कुठे येत नाही, यावरून चित्र उभं राहतं. डाग नीट भाजले गेले नाहीत, किंवा रंगच फिका पडला, तर वाचणं अडतं. डिस्कची बहुतेक दुखणी या एका गोष्टीत सापडतात. उरलेली दुखणी माणसांच्या भांडणातून आली. ती आता एकेक घेऊ.

पहिलं दुखणं: डॅश आणि प्लस

सिनेमाच्या डीव्हीडीबाबत तह झाला, पण घरी लिहायच्या कोऱ्या डीव्हीडीबाबत कंपन्या पुन्हा भांडल्या. १९९७ साली पायोनियरने 'डीव्हीडी डॅश आर' आणली. २००२ च्या सुमाराला फिलिप्स, सोनी वगैरेंच्या गटाने 'डीव्हीडी प्लस आर' आणली. दिसायला दोन्ही सारख्या, किंमतही जवळपास सारखी. पण जुन्या बऱ्याच प्लेअरांना एक चालायची आणि दुसरी नाही. पुढे दोन्ही वाचणारी यंत्रं आली आणि भांडण मिटलं. म्हणून डिस्कच्या माथ्यावर काय छापलंय ते बघा. घरचा जुना प्लेअर 'नो डिस्क' म्हणत असेल तर ती टाकू नका. नंतरच्या काळातल्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. तिथे ती उघडण्याची बरीच शक्यता असते. आणि एक साधी गोष्ट: प्लेअर फक्त सीडीचा असेल तर त्याला डीव्हीडी कधीच वाचता येणार नाही. त्याचा किरण त्या बारीक रेघांसाठी जाड पडतो.

दुसरं दुखणं: फाइल आहे, सिनेमा नाही

डिस्कवर व्हिडिओ दोन तऱ्हेने ठेवता येतो. एक, पोत्यात धान्य भरावं तशी मोबाइलची फाइल जशीच्या तशी टाकायची. दोन, प्लेअरला समजेल अशा ठरलेल्या मांडणीत बसवायची. त्या मांडणीत 'व्हिडिओ टीएस' नावाचा एक फोल्डर असतो आणि चित्राच्या फाइलचं शेवटचं नाव 'व्हीओबी' असतं. टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरला फक्त दुसरी तऱ्हा कळते. दुकानदाराने घाईत पहिल्या तऱ्हेने डिस्क करून दिली की ती संगणकावर दिसते, टीव्हीवर दिसत नाही. डिस्क खराब आहे असं आपल्याला वाटतं, पण ती धडधाकट असते. नवी डिस्क करून घेताना विचारायचं, 'टीव्हीवरच्या प्लेअरला चालेल अशी व्हिडिओ डीव्हीडी करताय ना?' एवढा एक प्रश्न पुरतो.

तिसरं दुखणं: माप

१९९५ साली छोट्या डिजिटल फितीचे कॅमेरे आले. लग्नाचं शूटिंग बरीच वर्षं त्यांवर झालं. त्या फितीवरचं एका तासाचं चित्र संगणकात घेतलं की सुमारे १३ जीबी जागा लागते. आणि साध्या डीव्हीडीवर मावतं ४.७ जीबी. त्यातही गंमत अशी की कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि संगणक १०२४ च्या, त्यामुळे संगणकावर तीच डिस्क जेमतेम ४.३८ दाखवते. पायलीचं माप आणि दुकानातलं माप वेगळं निघावं, तसं.

मग १३ जीबी ४.७ मध्ये कसं बसवायचं? दाबून. एक तास दाबला तर चित्र चांगलं राहतं, दोन तासही बरे दिसतात. पण चार तासांचं लग्न एकाच डिस्कवर कोंबलं की चेहरे धुरकट होतात, हलत्या चित्रात चौकोन दिसतात. असे चौकोन डिस्क पहिल्यांदा लावल्या दिवसापासून असतील तर दोष दाबण्याचा आहे, तो आता जाणार नाही. आधी स्वच्छ होतं आणि आता चौकोन येत असतील, तर डिस्क म्हातारी होते आहे. तिची प्रत आजच काढा.

चौथं दुखणं: देश बदलला की

कुणाची मुलगी अमेरिकेत असते. आई इकडून धाकट्याच्या लग्नाची डिस्क पाठवते आणि तिकडे ती चालत नाही. हे का? आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, अमेरिकेतली ६०. त्या हिशेबाने टीव्हीची पद्धत ठरली: इकडे सेकंदाला २५ चित्रं, तिकडे जवळपास ३०. आपल्या पद्धतीला पाल म्हणतात, त्यांच्या पद्धतीला एनटीएससी. आपल्याकडचे बरेच प्लेअर दोन्ही चालवून घेतात, तिकडचे बरेच फक्त स्वतःचीच पद्धत चालवतात. उपाय सोपा आहे. तीच डिस्क संगणकात घालायची. संगणकाला दोन्ही सारख्याच.

पाचवं दुखणं: तोंड बांधलं नाही

पोतं भरलं पण तोंड शिवलं नाही तर ते दुसऱ्या गावी नेता येत नाही. डिस्कचंही तसंच. लिहून झाल्यावर ती 'फायनलाइज' करावी लागते, म्हणजे आता यापुढे काही लिहायचं नाही, अशी खूण आणि आतल्या मजकुराची यादी तिच्यावर नोंदवावी लागते. हे राहिलं तर ज्या यंत्रावर लिहिली तिथेच ती चालते, दुसरीकडे कोरी दिसते. आठ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कवर थेट शूटिंग करणारे कॅमेरे काही वर्षं होते, त्या डिस्कांत हे दुखणं फार. अशी छोटी डिस्क कोरी दिसली तर फेकू नका. तो कॅमेरा ज्याचा होता त्याला गाठा, त्याच कॅमेऱ्यात ती घालून फायनलाइज करता येते. आणि एक सावधगिरी: ज्या ड्राइव्हला ट्रे नसतो, नुसती फट असते, तिच्यात ही छोटी डिस्क कधी घालू नये. ती आत अडकते.

सहावं दुखणं: घाई आणि वीज

लिहिताना लेझरला मजकूर अखंड लागतो. सुरुवातीच्या बर्नरमध्ये संगणक क्षणभर जरी मागे पडला तरी धार तुटायची आणि कोरी डिस्क वाया जायची. २००० साली सान्यो कंपनीने धार तुटली तर थांबून पुन्हा तिथूनच सुरू करायची युक्ती काढली आणि हा त्रास कमी झाला. पण वीज गेली तर ती युक्ती काय करणार? भारनियमनाच्या वर्षांत गावोगावच्या स्टुडिओत किती डिस्का अर्ध्यावर मेल्या असतील, कल्पना करा.

दुसरं म्हणजे वेग. पूर्ण डीव्हीडी एकपट वेगाने लिहायला जवळपास एक तास लागतो, सोळापट वेगाने सहा-सात मिनिटं. लग्नसराईत दुकानदार सर्वांत जास्त वेग लावणार. पण स्वस्त डिस्कवर फार वेगाने लिहिलं की ठिपके कच्चे भाजले जातात, विशेषतः कडेच्या बाजूला, आणि लिहिणं आतून बाहेर जातं. म्हणूनच पुष्कळ डिस्का हळद नीट दाखवतात आणि पाठवणीला अडतात. डिस्क करून घ्यायचीच झाली तर चारपट वेगाने लिहायला सांगा, आणि लिहून झाल्यावर तपासणीचा पर्याय असतो तो लावायला सांगा. चहा पिऊन होईपर्यंत थांबावं लागेल, एवढंच.

सातवं दुखणं: आपलं जपणं

अमेरिकेच्या राष्ट्रीय मोजमाप संस्थेने २००३ साली सीडी-डीव्हीडी कशा सांभाळाव्यात याची एक पुस्तिका काढली. तिच्यातल्या गोष्टी आपल्या घरात सहज करण्यासारख्या आहेत. डिस्क कडेने किंवा मधल्या भोकात बोट घालून धरायची. उभी ठेवायची, आडवी थप्पी लावायची नाही. ऊन, उष्णता आणि ओल यांपासून लांब ठेवायची. पुसायची तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ, बांगडी फिरवल्यासारखी गोल नाही. गोल ओरखडा रेघेच्या दिशेनेच जातो आणि एकाच ठिकाणचा बराच मजकूर मारतो. आडव्या ओरखड्याची चूक यंत्र भरून काढू शकतं.

आपल्याला वाटतं, चकचकीत खालची बाजू जपली की झालं. पण सीडीमध्ये मजकुराचा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला अगदी लगेच खाली असतो. बॉलपेनने दाबून नाव लिहिलं, चिकटलेला कागद ओढून काढला, की मजकूरच खरवडला जातो. उजेडासमोर धरून आरपार ठिपका दिसला तर तेवढा भाग कायमचा गेला असं समजा. डीव्हीडीमध्ये थर मधोमध असतो, दोन पातळ चकत्या चिकटवून ती केलेली असते. तिला चिकट लेबल लावलं तर ती किंचित वाकते, डगमगते आणि अडकते. नाव लिहायचं ते मऊ टोकाच्या, डिस्कसाठी मिळणाऱ्या पेनने, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. आणि टूथपेस्ट, राख, रॉकेल यांतलं काहीही डिस्कला लावू नका.

इंग्लंडातली एक गोष्ट

आता थोडं लांब जाऊ. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ साली गावोगाव माणसं पाठवून नोंद करवली: कुणाची किती जमीन, किती नांगर, किती बैल, गिरणी आहे का. ती वही कातड्यावर लिहिलेली आहे. तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने तशीच नवी नोंद केली. दहा लाखांहून जास्त लोकांनी भाग घेतला. शाळकरी मुलांनी आपापल्या गावाबद्दल लिहिलं, फोटो काढले. हे सगळं मोठ्या लेझर तबकड्यांवर साठवलं, त्या काळातली सर्वांत नवी वस्तू म्हणून. त्या वाचायला खास प्लेअर आणि खास संगणक लागायचा.

पंधरा-सोळा वर्षांत ती यंत्रं दिसेनाशी झाली. तबकड्या होत्या, पण वाचणार कशावर? २००२ साली इंग्लंड-अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या अभ्यासकांना बरीच खटपट करून तो मजकूर नव्या संगणकावर दिसेल असा करावा लागला. तोवर कातड्यावरची ९०० वर्षांची वही मात्र अजूनही वाचता येत होती.

हेच आता आपल्याकडे होतं आहे. व्हीएचएस कॅसेटचे प्लेअर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली ते बनवणं थांबवलं. नव्या लॅपटॉपना डिस्क घालायची जागाच नसते. आपल्या डिस्का कदाचित अजून दहा वर्षं जगतील. पण त्या लावायचं यंत्र आपल्या तालुक्यात तोवर उरेल का, हा खरा प्रश्न आहे.

टिकलं ते कसं टिकलं?

याच्या उलट एक गोष्ट आपल्या मातीतली. जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून मुळशी, मावळ आणि पुढे कितीतरी गावांतल्या बायकांच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. आधी त्या कागदावर उतरल्या. काही बायकांचे आवाज टेपवर घेतले गेले. मग ते संगणकात गेले, आणि पुढे 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने ते इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवले. आता जाती थांबली, गाणाऱ्या कितीतरी जणी गेल्या, पण त्यांचा आवाज मोबाइलवर ऐकता येतो. कागद, टेप, संगणक, इंटरनेट. प्रत्येक वेळी जुनं साधन थकण्याआधी कुणीतरी तो ठेवा पुढच्या साधनात नेला, म्हणून तो राहिला.

आपल्याला हे नवीन नाही. गावठी बियाणं आपण असंच राखतो. कणगीत किंवा राखेत घालून ते कायम राहत नाही. दोन-तीन वर्षांनी पेरावं लागतं, नवं बी धरावं लागतं, आणि थोडं शेजारणीला देऊन ठेवावं लागतं. आपलं गेलं तर तिच्याकडून आणता येतं. घरचा व्हिडिओ बियाण्यासारखाच सांभाळायचा.

मग करायचं काय?

हे काम एकटीने करण्यापेक्षा गटाने करणं सोपं आणि स्वस्त. संगणकाला बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. गटाने एक घेतला तर सगळ्यांचं काम होईल. नाहीतर शाळेत, ग्रामपंचायतीत, स्टुडिओत ड्राइव्ह असलेला जुना संगणक शोधा.

डिस्क पुसून ड्राइव्हमध्ये घाला. डीव्हीडी असेल तर 'व्हिडिओ टीएस' हा अख्खा फोल्डर उचलून संगणकात घ्या. व्हीसीडी असेल तर 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या 'डॅट' फाइल घ्या. दोन्ही फाइल व्हीएलसी या मोफत सॉफ्टवेअरवर चालतात. घेताना मध्येच अडलं तर एकेक फाइल वेगळी घेऊन बघा. डीव्हीडीवरचं चित्र जास्तीत जास्त एकेक जीबीच्या तुकड्यांत ठेवलेलं असतं, त्यामुळे एक तुकडा गेला तरी बाकीचे हाती लागतात. तरीही नाही जमलं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. एका यंत्राला न वाचलेली डिस्क दुसऱ्याला वाचता येते, असं पुष्कळदा होतं. पेन ड्राइव्हवर मोठी फाइल जात नसेल, तर तिची मांडणी जुनी आहे. जुन्या मांडणीत चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. मांडणी बदलली की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून ते काम पेन ड्राइव्ह रिकामा असतानाच करा.

प्रती दोन करा आणि दोन घरांत ठेवा. एक तुमच्याकडे, एक माहेरी किंवा मैत्रिणीकडे. पेन ड्राइव्हही कायमचा नसतो, तेव्हा दर वर्षी ८ मार्चच्या मेळाव्याच्या आधी तो लावून बघायचा असं ठरवून टाका. नुसत्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवला म्हणजे जपला, असं समजू नका. तिथे व्हिडिओ दाबून लहान होतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि प्रत काढताना त्यात कोण कोण आहे, कुठलं गाव, कुठलं साल, हे एका वहीत लिहून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून विचारा. चित्र वाचलं पण नाव गेलं, तर पुढच्या पिढीला ती माणसं अनोळखीच. शेवटी एक काळजी. या व्हिडिओंत लेकी-सुना आहेत, त्यांतल्या काहींचे संसार मोडलेले आहेत, काही जणींना ते दिवस पुन्हा कुणी बघू नयेत असं वाटतं. त्यांना विचारल्याशिवाय कुणाचंही शूटिंग ग्रुपवर टाकू नका.

कपाटातली डिस्क या आठवड्यात काढा. कडेने धरा, मऊ कापडाने पुसा आणि येत्या बैठकीला घेऊन या. कुणाकडे ड्राइव्ह आहे ते तिथेच विचारून घ्या. आजेसासूचा उखाणा नातीने ऐकायचा असेल, तर तो तबकडीवरून उतरवून घ्यायची वेळ आत्ताच आहे.